नाशिकहून बँकॉकला जाताय? आधी स्टेशन बघा, मग हॉटेल

दिवाळी जवळ आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, बँकॉकला जातोय, हॉटेल कुठलं घेऊ. मग सगळे फोटो टाकायला लागतात, स्विमिंग पूल, ब्रेकफास्टचा बुफे, बाविसाव्या मजल्यावरचा व्ह्यू. मी दोनदा जाऊन आलोय, एकदा बायको आणि मुलीबरोबर, एकदा आई-बाबा आणि मावशीला घेऊन, आणि पहिल्या वेळी मी पण हाच शहाणपणा केला होता. पूल भारी होता, रूम भारी होती, भाव पण बरा होता, फक्त जवळचं रेल्वे स्टेशन अडीच किलोमीटरवर होतं. अडीच किलोमीटर म्हणजे काय, म्हटलं, कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला जातो तेवढं, टॅक्सी करू. तर त्या अडीच किलोमीटरला संध्याकाळी पन्नास मिनिटं लागली. आपल्या द्वारकेच्या चौकात सहा वाजता अडकलेले लोक असतात ना, तसा अख्खा रस्ता, आणि असा एक नाही, सगळेच रस्ते. दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी आम्ही गपचूप चालत गेलो आणि घामाने न्हालो. पूलमध्ये उतरायला एकदाही वेळ मिळाला नाही.

म्हणून आता कुणी विचारलं की मी एकच सांगतो, बँकॉकमध्ये हॉटेल नाही निवडायचं, स्टेशन निवडायचं. स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांच्या आत जे मिळेल ते घ्यायचं, मग रूम जरा लहान असली तरी चालेल. त्या शहरात जमिनीवर रस्ता आहे, वर खांबांवरून गाड्या धावतात, खाली बोगद्यातून मेट्रो जाते आणि मधून नदी आहे, आणि या चारांतला रस्ता तेवढा टाळायचा. बाकी सगळं याच्यातूनच येतं.

आता नाशिकहून निघायचं कसं. ओझरहून बँकॉकला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईच. मुंबईहून चार-साडेचार तासांचं विमान आहे आणि बरीचशी विमानं रात्री उशिरा निघतात, हे आपल्याला सोयीचं पडतं कारण दिवसाउजेडी घाट उतरता येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला तेव्हापासून कसारा घाटाचं टेन्शन कमी झालंय, पण हुरळून जाऊ नका, आमण्याला उतरल्यावर भिवंडी आणि ठाणे तिथंच आहेत, ते कुठं जात नाहीत. रात्री एकचं विमान असेल तर आम्ही दुपारी साडेतीन-चारला घर सोडतो, लोक हसतात, हसू देत. पावसाळ्यात अजून तासभर लवकर. सामान कमी असेल आणि एक-दोघंच असाल तर ट्रेनने दादर आणि तिथून टॅक्सी हे पण चांगलं, पंचवटीने सकाळी गेलात तर दिवस मुंबईत घालवावा लागतो एवढंच. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना मात्र सरळ गाडी करा आणि येतानाची गाडी पण आधीच ठरवून ठेवा, पहाटे चारला विमानतळाबाहेर भावाची घासाघीस करायची ताकद कुणात नसते.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. पासपोर्ट सहा महिन्यांच्या वर चालू पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा आपल्या पासपोर्टला फिरायला जायचं तर व्हिसा लागला नाही, पण हे नियम तिथलं सरकार बदलत असतं, तेव्हा तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या साईटवर बघा, यूट्यूबवर नाही. १ मे २०२५ पासून तिथं एक ऑनलाईन फॉर्म भरावा लागतो, डिजिटल अरायव्हल कार्ड म्हणतात, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि तो फुकट असतो. फुकट हे परत लिहितो, कारण गुगलवर शोधलं की वरती दिसणाऱ्या दोन-चार साईट पैसे मागतात, त्या सरकारी नाहीत, माझ्या एका मित्राने चौघांचे पैसे भरले आणि वर मला सांगितलं की फास्ट झालं काम. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग याची प्रिंट जवळ ठेवा, फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या लाईनीत संपते. ई-सिगारेट घरी ठेवा, तिथं बंदी आहे आणि पकडतात.

पैसे. आम्ही गेलो तेव्हा एका बाटला पावणेतीन रुपयांच्या आसपास पडत होते, म्हणजे हिशोब सोपा, तिनाने गुणा आणि जरा कमी करा. एटीएममधून काढले की तिथली बँक दरवेळी दोनशे बाटच्या वर चार्ज लावते, म्हणून थोडे थोडे नाही काढायचे. फोनपेची सवय मुंबईतच सोडा, नावेत, गाड्यांवर, देवळात रोख लागते, आणि हजाराची नोट कुणी सुटी करून देत नाही, ती सेव्हन इलेव्हन नावाच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडायची. चार्जर आपला दोन पिनचा चालतो, तीन पिनचा जाडा नाही चालत.

विमान कुठल्या एअरपोर्टला उतरतंय ते बघा, कारण दोन आहेत. मोठा आणि नवा तो सुवर्णभूमी, २००६ ला सुरू झाला, नाव आपल्याला वाचता येतं पण ते लोक म्हणतात सुवन्नफूम, आणि आपण सुवर्णभूमी म्हटलं तर टॅक्सीवाल्याला ओ की ठो कळत नाही. दुसरा जुना डॉन म्युआंग, स्वस्तातल्या एअरलाईन तिथं जातात. मी सुवर्णभूमीचं सांगतो.

पहाटे उतरलात, घड्याळ दीड तास पुढे करा, इमिग्रेशन झालं, सामान आलं की बाहेर उभ्या असलेल्या सूटबूटवाल्या टॅक्सी काउंटरकडे बघायचं पण नाही, सरळ लिफ्टने तळघरात. तिथं एअरपोर्ट रेल लिंकचं स्टेशन आहे. साडेपाच-सहाच्या सुमारास पहिली गाडी सुटते आणि मध्यरात्रीपर्यंत चालू असतात. शेवटचं स्टेशन फाया थाई, तिथपर्यंत ४५ बाट आणि अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनच्या शेजारीच पैसे बदलायचे काउंटर आहेत, वरच्या मजल्यावरच्या बँकांपेक्षा इथं भाव कितीतरी चांगला मिळतो, हे माहिती नसल्यामुळे पहिल्या वेळी मी वरतीच पैसे बदलून बसलो होतो. सिमकार्ड वर मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो.

चार-पाच जण असाल, मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करा, ती पण पहिल्या मजल्यावरून, मशीनमधून चिठ्ठी निघते त्यावर लेनचा नंबर असतो, तिथं जाऊन बसायचं. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, एअरपोर्टचे ५० वेगळे, टोल आपण द्यायचा. सगळं धरून चारशे-पाचशेत शहरात पोचता, पण सकाळी सात ते नऊ या वेळेत नाही, तेव्हा ट्रेनच.

राहायचं कुठं. पहिल्यांदा जात असाल तर फाया थाई किंवा त्याच्या पुढचं रातचाथेवी, कारण एअरपोर्टची गाडी तिथंच येते, तिथूनच वरची रेल्वे म्हणजे बीटीएस मिळते आणि सयाम एक-दोन स्टेशनवर. सयाम म्हणजे आपलं सीबीएस समजा, बीटीएसच्या दोन्ही लाईन तिथं भेटतात. नदी आवडत असेल तर साफान ताक्सिन. आणि तुम्हाला कुणीतरी सांगेल की नाना स्टेशनजवळ राहा, तिकडं इंडियन जेवण मिळतं. मिळतं, खरं आहे, पण रात्री नऊनंतर त्या भागात जे बाजार भरतात ते आई-बाबांबरोबर बघण्यासारखे नाहीत. माझी मावशी स्टेशनची पाटी वाचून म्हणाली होती, अरे नाना म्हणजे आपल्या नानांच्या नावाचं स्टेशन, फोटो काढ. काढला फोटो. खाली उतरलो नाही.

पत्त्यांची एक गंमत. सुखुमवित नावाचा लांबलचक रस्ता आहे, त्याला फुटलेल्या गल्ल्यांना सोय म्हणतात आणि त्यांना नंबर असतात, एका बाजूला विषम, एका बाजूला सम. आपल्याला वाटतं अकराच्या समोर बारा. काही संबंध नाही. ६३ नंबरची सोय आहे एक्कमायला आणि तिच्यासमोरच्या बाजूला बेचाळीस. सिडकोत पहिल्यांदा घर शोधणाऱ्या माणसाचं जे होतं ते तुमचं होणार. म्हणून हॉटेल बुक करताना सोय नंबर बघून अंदाज लावू नका, मॅपवर स्टेशनपासून चालत किती ते बघा, आणि ते पण गेटपासून, कारण काही हॉटेलं गल्लीत एक किलोमीटर आत असतात आणि जाहिरातीत नाव स्टेशनचं लावतात.

आता गाड्या. बीटीएस १९९९ ला सुरू झाली, खांबांवरून जाते. एमआरटी म्हणजे जमिनीखालची मेट्रो २००४ ला आली. चालवणारे वेगळे, त्यामुळे तिकिटं वेगळी आणि, हे नीट ऐका, एकाच जागच्या स्टेशनांची नावं सुद्धा वेगळी. वर असोक असतं, जिना उतरून खाली गेलं की तेच सुखुमवित होतं. वर साला डाएंग, खाली सीलोम. वर मो चित, खाली चतुचक पार्क. पहिल्या वेळी आम्ही असोकला उभं राहून सुखुमवित स्टेशन कुठं आहे असं एका पोरीला विचारत होतो, ती बिचारी खाली बोट दाखवत होती आणि आम्हाला वाटत होतं तिला कळलंच नाही.

बीटीएसचं तिकीट १७ बाटपासून पुढे, अंतरावर. रोज तीन-चार फेऱ्या असतील तर त्यांचं रॅबिट कार्ड काढा, पासपोर्ट लागतो. एमआरटीला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड गेटवर चालतं, फक्त निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करा, आणि माणशी एक कार्ड लागतं, एका कार्डावर चौघांना आत नाही सोडत. कार्ड नसेल तर मशीनमधून टोकन घ्यायचं. ते काळं, गोल, प्लास्टिकचं असतं, कॅरमच्या सोंगटीएवढं. आत जाताना नुसतं टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं. बाबांनी आत जाताना टेकवलं आणि खिशात टाकलं, त्याच खिशात सुपारी, रुमाल, हॉटेलचं कार्ड, चिल्लर. बाहेर पडताना टोकन काही सापडेना. मागे लाईन, बाबा एकेक वस्तू काढून माझ्या हातात देतायत, आई म्हणतेय, अहो वरच्या खिशात बघा. शेवटी काउंटरवर जाऊन पैसे भरले आणि सुटलो. रात्री हॉटेलवर सुपारीच्या डबीत टोकन निघालं. तेव्हापासून सगळ्यांची टोकनं मावशीच्या बटव्यात, मावशीकडून एकही हरवलं नाही.

स्टेशनात खायचं-प्यायचं नाही, पाणी पण बॅगेतच. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर त्यांचं राष्ट्रगीत लागतं. धावणारी माणसं एकदम जागच्या जागी थांबतात, गाणं संपलं की परत धावायला लागतात. तुम्ही पण थांबा. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी झालंय.

आणि हो, खांबाखालून चालू नका, सयाम ते चित लोम असा वरच्या वर चालायचा पूल आहे, सावली, वारा, सिग्नल नाही. चित लोमला उतरलात की कोपऱ्यावर एरावान, म्हणजे आपल्या ब्रह्मदेवाचं ठाणं आहे, १९५६ चं. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात आणि तिथं मॉलच्या शेजारी लोक झेंडूच्या माळा घेऊन रांगेत.

नदीचं मात्र सावकाश सांगतो, कारण ते लोक टुरिस्ट पॅकेजमध्ये घालून वाया घालवतात. चाओ फ्राया नावाची मोठी नदी शहरातून जाते आणि त्यातून रोजच्या प्रवासाच्या बोटी चालतात, बससारख्या. बीटीएसचं साफान ताक्सिन स्टेशन, दोन नंबरचं गेट, जिना उतरलं की साथोर्न पिअर, म्हणजे बोटीचा धक्का. तिथं गेल्या गेल्या कुणीतरी तुम्हाला टुरिस्ट बोटीच्या काउंटरकडे वळवेल, निळा झेंडा, दिवसाचा पास, महाग. तुम्ही केशरी झेंड्याच्या बोटीची वाट बघा. आम्ही गेलो तेव्हा १६ बाट, एक स्टॉप जा नाहीतर दहा जा. तिकीट बोटीतच मिळतं. कंडक्टर बाई हातात एक लांब पत्र्याची नळी घेऊन फिरते, त्यात सुट्टे आणि तिकिटाची गुंडाळी, आणि ती नळीचं झाकण खटखट वाजवत येते, आपल्या एसटीच्या कंडक्टरचा पंच वाजायचा ना तसंच, बाबा तो आवाज ऐकून इतके खूश झाले की त्यांनी उगाच परत एकदा तिकीट काढायचा प्रयत्न केला.

बोट धक्क्याला लागते म्हणजे खरं तर लागल्यासारखं करते. मागे एक पोरगा शिट्टी मारतो, दोर टाकतो, दहा-पंधरा सेकंद, तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे चढतात आणि शिट्टी. म्हणून म्हाताऱ्यांना दोन स्टॉप आधीच मागच्या दाराकडे आणून ठेवा. पुढे बसलात तर तुमचा स्टॉप गेला. मावशीला उतरवताना त्या पोरानेच हात दिला, एक शब्द न बोलता, आणि मावशी त्याला म्हणाली, सुखी राहा रे बाळा. त्याला काय कळलं माहिती नाही, त्याने हात जोडले.

दिवस असा लावा. सकाळी साडेसातला साथोर्न, केशरी बोट, ता चांग नावाच्या धक्क्याला उतरा. तिथून राजवाडा चालत. ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो, तेव्हाच आत शिरायचं, दहानंतर ऊन आणि बसभरून लोक दोन्ही असह्य. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, हाफ पँट, स्लीव्हलेस चालत नाही, बाहेर हत्तीच्या चित्राच्या पँटी विकत मिळतात, निम्मे परदेशी त्याच घालून आत दिसतात. आई आणि मावशी साडीत होत्या, त्यांना कुणी अडवलं नाही.

आत सगळे पाचूच्या बुद्धाकडे पळतात. तो बघाच, तिथं आत फोटो काढू देत नाहीत, पण नाशिककरांनी वेळ ठेवायचा तो बाहेरच्या ओवऱ्यांसाठी. देवळाला चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, एकापुढे एक. त्यांच्या रामायणाला रामाकियेन म्हणतात. राम म्हणजे फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लाक, सीता सीदा, आणि रावणाला म्हणतात तोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ, दोनदा म्हणून बघा, कळेल. शूर्पणखा तिथं सम्मनखा. आपल्या गावाचं नाव जिच्या नाकावरून पडलं म्हणतात तिचं, बँकॉकच्या राजवाड्याच्या भिंतीवर. आईने सगळी ओवरी चालून काढली, सीतागुंफेत वाकून जायची सवय असलेली बाई, एकेक चित्र ओळखत गेली, आणि मारुतीपाशी अडकली. कारण त्यांचा मारुती ब्रह्मचारी नाही, त्याच्या भानगडी आहेत, समुद्रातल्या मत्स्यकन्येशी पण. मी हे गुगलवरून वाचून दाखवलं. आई म्हणाली, वाचू नको पुढचं.

राजवाडा झाला की दक्षिणेकडे चालत वाट फो, वाट म्हणजे त्यांच्याकडे देऊळ, आत झोपलेला बुद्ध, ४६ मीटर लांब, ३०० बाट. तिथून बाहेर पडलं की ता तिएन धक्का आणि ५ बाटात पलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे अरुणच, पहाटेचा. २०० बाट तिकीट. पायऱ्या उंच आहेत, गुडघेवाल्यांनी खालीच बसायचं, खालून पण दिसतं सगळं. परत यायला वाट फोच्या बाजूचं सनाम चाय हे मेट्रो स्टेशन, २०१९ चं, आतून राजवाड्यासारखं सजवलंय, आणि मुख्य म्हणजे एसी. दुपारचे दोन वाजलेले असतात, एसी लागतोच.

याच भागात तुम्हाला एक सभ्य माणूस भेटेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, चेहरा हसरा. तो म्हणेल, राजवाडा आज बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल, तोपर्यंत तुम्हाला वीस बाटात टुकटुकने चार देवळं फिरवून आणतो. राजवाडा बहुतेक वेळा बंद नसतो. ती टुकटुक देवळाकडून रत्नांच्या दुकानात जाते, तिथून शिंप्याकडे, आणि तुमची सकाळ गेली. आमच्याकडे असा माणूस गेटपासून शंभर पावलांवर आला आणि बाबांनी ऐकून माझ्याकडे वळून सांगितलं, अरे बंद आहे म्हणतात, चला. मोठी माणसं ओळखपत्रावर विश्वास ठेवतात. गेटपर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, बास.

टुकटुक हौस म्हणून एकदा बसा, भाव आधी ठरवून. बाकी वेळी ग्रॅब किंवा बोल्ट ॲप, नाहीतर रस्त्यावरची टॅक्सी. काचेवर लाल दिवा म्हणजे रिकामी आहे, आपल्याला उलटं वाटतं. बसायच्या आधी मीटर म्हणायचं, नाही म्हणाला तर दार लावून पुढची. नाशिकच्या रिक्षावाल्यांशी आयुष्यभर व्यवहार केलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. पत्ता इंग्रजीत दाखवू नका, हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड रिसेप्शनवरून घ्या आणि सगळ्यांच्या खिशात एकेक ठेवा. पाऊस आणि शुक्रवारची संध्याकाळ एकत्र आली तर ॲपवर पण गाडी मिळत नाही, तेव्हा परत स्टेशन.

एक कालवा पण आहे, सेन सेप, त्यातून पण बोटी चालतात, प्रतुनामच्या बाजारातून मॉलच्या मागून पूर्वेकडे, दहा-वीस बाटात. ट्रॅफिकच्या खालून सुसाट जातात. पाण्याचा वास आपल्या नासर्डीचा, आणि समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेले लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात, दोरी तुमच्या हाताशी असेल तर ते काम तुमचं. मी एकदा एकटाच या बोटीतून जाऊन आलो, मजा आली, आई-बाबांना नाही नेलं.

जेवणाचं सगळ्यांना टेन्शन असतं. व्हेज म्हटलं तर त्यांना वाटतं भाज्या घातलेलं, माशाचा सॉस त्यात असतोच. शब्द लक्षात ठेवा, जे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, इंग्रजी आकड्यात सतरा लिहिल्यासारखं दिसतं. जे म्हणजे मांस-मासे-अंडी काही नाही, आणि कांदा-लसूण पण नाही, आमच्या शेजारच्या जैन काकूंना हे सांगितलं तर त्यांनी तिकिटाचे भाव बघायला सुरुवात केली. दुसरा शब्द मांगसाविरात, तो तर आपलाच मांस-विरत. आणि माशाचा सॉस नको म्हणायचं तर माय साय नाम प्ला. खात्रीचं घरासारखं पाहिजे तर साम योत मेट्रोला उतरून पाहुरात, तिथं गुरुद्वारा आहे, कपड्याचा बाजार आहे, चहा-समोसा सगळं मिळतं. आम्ही भाकरी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, दही सेव्हन इलेव्हनचं घेताना साखरेचं येतं, डबा नीट बघा. सेव्हन इलेव्हनच्या गरम सँडविचमध्ये बहुतेक हॅम असतं हे पण बघा. रस्त्यावरची कापलेली फळं बिनधास्त खा, पेरू, पपई, आंबा, सोबत तिखट-मीठ पण देतात.

कधी जायचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये १३ ते १५ सोंगक्रान असतो, त्यांचं नवं वर्ष, सगळं शहर एकमेकांवर पाणी ओततं, आपली रहाड रंगपंचमी ज्यांना आवडते त्यांनी खुशाल जा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पण एप्रिलचं ऊन म्हणजे नाशिकचा मे आणि वरून मुंबईचा घाम.

परतीच्या दिवशी चेकआउट करून बॅगा हॉटेलवरच ठेवा, फिरा, आणि विमानाच्या चार तास आधी फाया थाईहून रेल लिंक पकडा. सुटी नाणी नाशकात कुणी बदलून देत नाही, ती एअरपोर्टच्या पहिल्या मजल्यावर संपवा, तिथं एका टोकाला कूपनवालं फूडकोर्ट आहे जिथं एअरपोर्टचाच स्टाफ जेवतो, वरच्या रेस्टॉरंटच्या निम्म्याहून कमी भाव. इमिग्रेशन झालं की आत समुद्रमंथनाचं भलंमोठं रंगीत शिल्प लागतं, वासुकीला धरून एकीकडे देव, एकीकडे दानव, मध्ये उंचावर विष्णू. सगळे पळत पळत त्याच्यासमोर सेल्फी काढून जातात. मावशी थांबली, तोंडाकडचे दानव आणि शेपटीकडचे देव मोजले, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका कोरियन का चिनी जोडप्याला मराठीत समजावून सांगितलं की यातलाच अमृताचा थेंब आमच्याकडे सांडला, म्हणून आमच्या गावात सिंहस्थ भरतो, या तुम्ही २०२७ ला. त्यांनी मान हलवली, तिच्याबरोबर फोटो काढला. तुम्ही पण थांबा, पण आधी बोर्डवर गेट नंबर बघून ठेवा, काही गेट तिथून वीस मिनिटं चालत आहेत, आमची नावं माईकवरून पुकारली गेली होती आणि मावशी सोडून सगळे पळत होते.